बालविकास शिकतेय, पण संशोधन कसं करायचं हे कुठे शिकू?

रानजाई

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका कॉलेजात मानव विकास विषयात एम.एस्सी. करतेय, दुसरं वर्ष सुरू झालंय. यंदा लघुप्रबंध आहे. बी.एस्सी.पासून पियाजे, एरिक्सन, व्हायगॉट्स्की यांचे बालविकासाचे सिद्धांत शिकलोय. संशोधन पद्धतीचा पेपरही होता. त्यात नमुना निवडीचे प्रकार, गृहीतकांचे प्रकार असं सगळं पाठ केलं आणि लिहून आलो. आता प्रत्यक्ष करायची वेळ आली तर पहिलं पाऊल कुठे टाकायचं तेच समजत नाही.

मी दिलेला विषय होता, '३ ते ६ वयोगटातील मुलांच्या सर्वांगीण विकासावर मोबाईलचा परिणाम'. मॅडम म्हणाल्या विषय फार पसरट आहे, आधी वाचन कर. वाचायला बसले तर गुगल स्कॉलरवर पेपरांचा पूर. निम्मे पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत, उघडतात त्यांचं इंग्रजी दोन पानांत दमवतं. वर्गातल्या बऱ्याच जणी जुना प्रबंध घेऊन गावाचं नाव बदलतात आणि मोकळ्या होतात. मला तसं करायचं नाही. मला हा विषय मनापासून आवडतो आणि पुढे यातच काम करायचं आहे.

पेपर कसा वाचायचा, प्रश्न लहान कसा करायचा, अंगणवाडीत गेल्यावर नेमकं काय करायचं, कुणी सविस्तर सांगेल का?

तुती

रानजाई, स्वागत. मी पुण्यात मुलांच्या भाषाविकासावर काम करते. प्रश्न लहान करण्याबद्दल आधी लिहिते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

तुझ्या विषयात तीन मोठे प्रश्न एकत्र बांधलेत. 'सर्वांगीण विकास' कोणत्याही एका चाचणीने मोजता येत नाही. भाषा, हालचाली, भावना, खेळ, आकलन, प्रत्येकाचं माप वेगळं. 'मोबाईल' म्हणजे तरी काय? आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलणारं मूल आणि जेवताना एकटं कार्टून पाहणारं मूल, दोघांच्याही हातात मोबाईलच असतो. तास विचारायचे तर आईला विचारावे लागणार, आणि स्क्रीनचा वेळ अंदाजाने सांगणं कुणालाच नीट जमत नाही. त्यातून जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त स्क्रीन नको असं सांगितल्यापासून ती मर्यादा पालकांच्या कानावर पडलेली असते. मग उत्तरंही तिच्याच आसपास येतात.

सगळ्यात अवघड 'परिणाम'. समज, जास्त मोबाईल पाहणारी मुलं कमी बोलतात असं तुला आढळलं. मोबाईलमुळे बोलणं कमी झालं, की मूल मुळात कमी बोलणारं म्हणून घरच्यांनी त्याच्या हाती मोबाईल दिला? की आई दिवसभर शेतात, घरी बोलायला माणूस नाही, म्हणून दोन्ही गोष्टी घडल्या? एकदाच जाऊन प्रश्नावली भरून घेतली तर या तिन्हींतलं खरं कोणतं हे कळायला मार्ग नाही. त्यासाठी तीच मुलं वर्षानुवर्षं पाहावी लागतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून आसपासच्या गावांतल्या बायांपासून, गरोदरपणाच्याही आधीपासून सुरुवात केली, पुढे त्यांची मुलं मोठी होईपर्यंत मोजमापं घेतली. काही प्रश्नांना तेवढी चिकाटीच लागते, एका वर्षाच्या लघुप्रबंधात ते मावत नाहीत.

म्हणून मी माझ्या विद्यार्थिनींना सांगते, असा प्रश्न घे ज्याचं उत्तर तुला डोळ्यांनी पाहता येईल, कानांनी ऐकता येईल आणि मोजता येईल. 'परिणाम' राहू दे. 'किती', 'केव्हा', 'कोणाबरोबर' यांपासून सुरुवात कर.

खडूफळा

तुतीशी सहमत. मी गृहविज्ञान महाविद्यालयात बरीच वर्षं शिकवलं, थोडं वेगळं सांगते. मॅडमनी वाचायला सांगितलंय ते वाचच, पण त्याआधी आठवडाभर एखाद्या अंगणवाडीत नुसती बसून ये. प्रश्नावली नको, चाचणी नको. वही आणि घड्याळ पुरे.

आमच्याकडे पहिला सराव असा असायचा: दहा मिनिटं एकाच मुलाकडे पाहायचं आणि दिसेल ते लिहायचं. पहिल्या दिवशी मुली लिहून आणतात, 'मुलगा चिडखोर आहे, त्याला इतरांत मिसळायला आवडत नाही.' हे त्यांना दिसलेलं नसतं, त्यांनी ठरवलेलं असतं. दिसलेलं असं असतं: 'दहा वाजून चाळीस मिनिटं. खिडकीजवळ एकटा. हातात लाल ठोकळा. शेजारच्या मुलीने ठोकळ्याला हात लावला. त्याने ठोकळा पोटाशी धरला, नाही म्हणाला, पाठ फिरवली. ती गेली. त्याने वळून तिच्याकडे पाहिलं.' शेवटचं वाक्य वाचा. ज्याला मिसळायला आवडत नाही ते मूल वळून पाहील का? निष्कर्ष आधी लिहिला असता तर हे वाक्य वहीत आलंच नसतं. पाहिलेलं एका रकान्यात, त्यावरून वाटलेलं दुसऱ्या रकान्यात, ही सवय एकदा हाडात भिनली की पुढे कोणतीही पद्धत शिकता येते.

या साध्या पाहण्यातूनच मोठं काम उभं राहिलंय. मिल्ड्रेड पार्टेन यांनी अमेरिकेत बालशाळेतल्या मुलांचा मुक्त खेळ एकेका मिनिटाच्या तुकड्यांनी पाहिला आणि १९३२ साली खेळाच्या सामाजिक पायऱ्या मांडल्या. एकटं खेळणं, दुसऱ्यांचा खेळ नुसता बघणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मिळून खेळणं. आपण हे परीक्षेत पाच गुणांसाठी लिहितो, पण ते कुणीतरी घड्याळ लावून, मुलांच्या यादीचा क्रम ठरवून गोळा केलंय हे आपल्याला कुणी सांगत नाही.

आपल्याकडेही पाहा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. 'आदिवासी पालकांना शिक्षणाची आवड नाही' असं लिहून त्यांनी विषय संपवला नाही. मूल दिवसभर कुठे असतं, काय करतं, हे आधी पाहिलं.

निळीशाई

खडूफळा ताई, इथे माझं मत थोडं वेगळं आहे. काहीच न वाचता गेलं तर काय पाहायचं ते समजत नाही आणि वही भरून परत यायला होतं. निदान दहा-बारा पेपर वाचून जावं. मी सध्या इंग्लंडमध्ये पीएच.डी. करतेय, माझंही शिक्षण दहावीपर्यंत मराठीतूनच, त्यामुळे रानजाईची अडचण अगदी ओळखीची आहे.

पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचू नकोस. आधी सारांश. मग थेट पद्धतीचा भाग: मुलं कोण, किती, कुठली, वय महिन्यांत किती, काय मोजलं, कशाने मोजलं. मग तक्ते आणि आलेख, आणि ते पाहून 'यावरून मला काय दिसतं' हे स्वतःच्या शब्दांत मराठीत दोन ओळी. त्यानंतरच लेखकांची चर्चा वाचायची. त्यांचं म्हणणं त्यांच्याच आकड्यांच्या पुढे गेलंय का, हे मग आपोआप दिसायला लागतं. इंग्रजीचं म्हणशील तर पद्धतीच्या भागातली भाषा ठरावीक असते, काही पेपर झाले की तेच तेच शब्द भेटतात. जड भाषा असते ती प्रस्तावनेत, आणि सगळे तिथेच अडकतात.

प्रत्येक पेपरची एक्सेलमध्ये एक ओळ कर. कुठल्या देशातली मुलं हा रकाना विसरू नकोस. आपण 'मुलं अशी असतात' म्हणून जे शिकतो त्यातलं बरंचसं अमेरिका-युरोपातल्या सुशिक्षित घरांतल्या मुलांवरून आलंय. हेन्रिक, हाइने आणि नोरेन्झायन यांनी २०१० मध्ये यावर सविस्तर लिहिलं तेव्हापासून मानसशास्त्रात ही चर्चा सुरू आहे. तो रकाना भरत गेलीस की आपल्याकडच्या मुलांबद्दल किती कमी लिहिलं गेलंय ते तुझं तुलाच दिसेल, आणि प्रश्न तिथेच सापडतो.

पैसे मागणाऱ्या पेपरांबद्दल: गुगल स्कॉलरवर पेपरच्या नावाखाली 'सगळ्या आवृत्त्या' अशी जोडणी असते, तिथे बरेचदा फुकट पीडीएफ मिळते. ब्राउझरमध्ये अनपेवॉल घाल, ते कायदेशीर मोफत प्रत शोधून देतं. कॉलेज सरकारी असेल किंवा सरकारी विद्यापीठाचा विभाग असेल तर ग्रंथपालांना 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारी योजनेबद्दल विचार. जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं त्यातून खुली झाली आहेत. तेही नसेल तर लेखकाला दोन ओळींचा नम्र ईमेल लिही. बहुतेक जण आनंदाने पाठवतात.

शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर जुने प्रबंध आहेत, मराठीतलेही. प्रकरणं कशी मांडतात हे पाहायला उत्तम. उचलायला मात्र नाही. इंग्रजी परिच्छेद मराठीत करून नाव न देता घातला तर सॉफ्टवेअर कदाचित पकडणार नाही, पण ती चोरीच आहे. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये साठव, ते मोफत आहे. शेवटच्या आठवड्यात संदर्भसूची हाताने लिहिणाऱ्या मैत्रिणींचे हाल मी पाहिलेत.

खडूफळा

निळीशाई, वाचून जायला हरकत नाही. माझा अनुभव एवढाच की पुस्तकातल्या पायऱ्या पाठ असलेली मुलगी मुलाकडे पाहतच नाही, पायरी शोधत बसते. पियाजेंचंच घ्या. दोन ओळींत सारखीच बटणं, मोठ्या माणसाने एक ओळ पसरवली आणि पुन्हा विचारलं, 'कशात जास्त?' लहान मुलं लांब ओळ दाखवतात. मग मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी सत्तरच्या दशकात ती ओळ 'खोडकर' टेडीच्या हातून विस्कटवली, आणि बरोबर उत्तर देणाऱ्या मुलांची संख्या खूप वाढली. बाईंनी मुद्दाम ओळ हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर त्यांना काहीतरी वेगळं उत्तर हवं असणार, हा मुलाचा हिशेब. विचारणारं माणूसही प्रयोगाचाच भाग असतं, हे मुलांमध्ये बसल्याशिवाय उमगत नाही.

शेवंती

मी अंगणवाडी सेविका आहे. हा धागा माझ्या मुलीने दाखवला. थोडं आमच्या बाजूचं लिहिते.

आमच्याकडे दरवर्षी कॉलेजच्या मुली येतात. चांगल्या असतात. पण येतात त्या बरोबर आहार वाटपाच्या वेळी, हातात तीस-चाळीस प्रश्नांचा कागद, आणि दोन तासांत सगळ्या मुलांचं भरून पाहिजे असतं. अनोळखी बाई समोर बसली की निम्मी मुलं तोंडच उघडत नाहीत. मग कागदावर लिहिलं जातं, मूल रंग ओळखत नाही. तेच मूल रोज मला सांगतं, बाई तुमची साडी हिरवी. आधी चार दिवस येऊन नुसतं बसा, गाणी म्हणा, मुलांना तुमचं नाव कळू द्या. मग विचारा काय ते.

आमच्या वस्तीत काही घरांत पारधी बोलतात, काही घरांत बंजारा. त्या पोरांना मराठीत विचारलं आणि ती गप्प बसली तर त्यांना येत नाही असं लिहू नका. त्याच्या मोठ्या बहिणीला शेजारी बसवा आणि बघा.

परवानगी आधी काढा. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून पत्र आणा आणि पर्यवेक्षिका मॅडमना सांगून या. पत्र नसेल तर आम्हालाच बोलणी बसतात.

आणि एक मनापासून सांगते. आजवर आमची माहिती घेऊन गेलेलं कुणी परत येऊन काय सापडलं ते सांगून गेलेलं नाही. मुलं आमची, नोंदवह्या आमच्या. एक पान मराठीत लिहून दिलं तरी चालेल. आयांच्या बैठकीत मी वाचून दाखवीन.

तुती

शेवंतीताई, तुमचा प्रतिसाद प्रत्येक विभागाच्या भिंतीवर लावायला हवा.

रानजाई, सेविकांना 'माहिती देणारी बाई' एवढंच समजू नकोस. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना बाळाचं वजन, श्वास, ताप यांच्या नोंदी आणि घरच्या घरी उपचार शिकवले. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात ३९ गावांतला नवजात मृत्युदर ४७ तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. नोंदी काटेकोर असायला पदवी लागत नाही, प्रशिक्षण आणि विश्वास लागतो.

आता नैतिक बाजूचं. कॉलेजच्या नैतिक समितीची मान्यता आधी, मुलांकडे जाणं नंतर. पालकांचं संमतीपत्र मराठीत, सोपं, आणि वाचता येत नसेल त्यांना वाचून दाखवायचं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलांचा तोंडी होकार आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी होकार लागतो. तुझी मुलं ७ च्या आतली, त्यांचा औपचारिक होकार लागत नाही. पण मूल रडू लागलं, उठून गेलं, मान हलवली, की तिथेच थांबायचं. ते त्याचं 'नाही' आहे. फोटो काढू नकोस. वहीत नावाऐवजी खुणेचा आकडा, आणि नाव-आकड्याची यादी वेगळ्या जागी ठेव.

एखादं मूल वयाच्या मानाने बरंच मागे आहे असं वाटलं तर निदान करणं तुझं काम नाही, पण गप्प बसणंही बरोबर नाही. गाईडशी बोल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, त्यांच्यामार्फत जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येतं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका आली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. अशा वेळी काय करायचं हे आधीच गाईडबरोबर ठरवून ठेव, ऐनवेळी सुचत नाही.

चौकस_नाना

मी संख्याशास्त्र शिकवायचो. मुली माझ्याकडे सगळा डेटा गोळा करून यायच्या आणि विचारायच्या, 'सर, कोणती टेस्ट लावू?' ती वेळ निघून गेलेली असते. काय मोजणार आणि कशाशी तुलना करणार हे ठरलं की टेस्ट ठरतेच, म्हणून संख्याशास्त्रवाल्याला सिनॉप्सिसच्या (संशोधनाच्या आराखड्याच्या) आधी गाठा.

बालविकासात पहिला घोटाळा वयाचा. मुलांचं वय महिन्यांत लागतं. 'चार वर्षांचा आहे' यात ४८ महिन्यांचं मूलही येतं आणि ५९ चंही, आणि या वयात त्या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. जन्मदाखला पाहा. तो नसेल तर पोळ्याच्या आधी की नंतर, दिवाळीच्या किती आधी, असं विचारत महिन्यापर्यंत या. उंचीचंही तसंच. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं झोपवून मोजतात, पुढचं उभं करून, आणि दोन्हींत साधारण ०.७ सेंटिमीटरचा फरक धरतात. ही पद्धत पाळली नाही तर एखादं मूल कागदावर उगाच खुजं ठरतं.

दुसरं, दोन अंगणवाड्यांतली ६० मुलं म्हणजे ६० सुटी माणसं नव्हेत. एकाच बाईंच्या हाताखाली, एकाच खोलीत, तीच खेळणी घेऊन वाढणारी मुलं एकमेकांसारखी वागतात. दोन अंगणवाड्यांची तुलना केलीत तर फरक मुलांचा की बाईंचा, हे सांगता येणार नाही. जमल्यास त्याच मुलांना दोन वेगळ्या परिस्थितींत पाहा. लहान नमुन्यात यासारखी सोय नाही.

तिसरं, एका गाजलेल्या अभ्यासावर लगेच विश्वास ठेवू नका. मार्शमॅलोचा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो: जे मूल दुसरी गोळी मिळावी म्हणून समोरची न खाता थांबतं ते पुढे यशस्वी होतं. हा प्रयोग करणाऱ्या मिशेल यांनी तपासलेली मुलं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालशाळेतली. २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी ९०० हून जास्त, अधिक वेगवेगळ्या घरांतल्या मुलांची माहिती तपासली. थांबणं आणि पुढचं यश यांतला संबंध मूळच्या निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती, मुलाची आधीची आकलनशक्ती हिशेबात घेतल्यावर आणखी खूप घटला. त्याआधी २०१३ मध्ये किड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की समोरच्या मोठ्या माणसाने आधी दिलेला शब्द पाळला असेल तर मुलं सरासरी १२ मिनिटं थांबतात, मोडला असेल तर ३ मिनिटं. म्हणजे मोजलं काय, मुलाचा संयम की मोठ्यांवरचा भरवसा? असा प्रश्न विचारता येणं हेच संशोधनाचं शिक्षण. सॉफ्टवेअर काय, जामोवी फुकट आहे, आठवड्यात हात बसतो.

रानजाई

सगळ्यांचे खूप आभार. उत्तर द्यायला उशीर झाला कारण खडूफळा ताईंनी सांगितलं तसं गावातल्या अंगणवाडीत बसत होते, आणि संध्याकाळी निळीशाईच्या पद्धतीने पेपर वाचत होते.

एक गोष्ट लक्षात आली. बाई ठोकळे मांडतात तेव्हा मुलं दोघं-तिघं जमून बसतात, वाद घालतात, 'इथे ठेव', 'पडंल ना' चालू असतं. कागद-खडू दिले की तीच मुलं आपापल्या कागदावर वाकतात. शेजारीच असतात, पण एकत्र नसतात. पार्टेन वाचून गेल्यामुळे ते दिसलं की बसून पाहिल्यामुळे, माहीत नाही, बहुधा दोन्हींमुळे.

तर असा प्रश्न चालेल का: '४ ते ५ वर्षांची मुलं ठोकळ्यांच्या वेळी आणि चित्रकलेच्या वेळी कोणत्या प्रकारे खेळतात, मिळून खेळण्याचं प्रमाण वेगळं असतं का?' नाना म्हणाले तसं मुलं तीच, परिस्थिती दोन. मोबाईल बाजूला ठेवला. मॅडमना दाखवलं, त्यांनी लगेच होकार दिला आणि आधीचे अभ्यास आणखी शोधायला सांगितलं. शेवंतीताई, एक पान मराठीत नक्की देणार. सिनॉप्सिसमध्येच तसं लिहिलंय.

फक्त एक शंका: मी एकटीच पाहणार, मग मी लिहिलेलं बरोबर हे कशावरून?

चौकस_नाना

उत्तम प्रश्न. सगळ्या नोंदींपैकी पाचवा हिस्सा तरी मैत्रिणीला तुझ्याबरोबरच, पण तुझी वही न बघता, लिहायला सांग. मग दोघींचं किती जुळतं ते कोहेन यांच्या 'कप्पा' या मापाने काढ. नुसती टक्केवारी देऊ नकोस. बहुतेक मुलं एकटीच खेळत असतील तर दोघींनी डोळे मिटून 'एकटं' लिहिलं तरी जुळेल. कप्पा तो योगायोग वजा करतो. आणि मैत्रिणीला तुझा अंदाज काय आहे ते सांगू नकोस.

खडूफळा

मुख्य नोंदी सुरू करण्याआधी दोघींनी बसून व्याख्या लिहून काढा. दोन मुलं एकाच ठोकळ्यांच्या ढिगातून घेतायत पण आपापलं रचतायत, ते कशात मोडतं? मूल खडू मागतं तेवढ्यापुरतं बोललं तर? अशी कोड्यात टाकणारी उदाहरणं आधी अंगणवाडीतच गोळा करा आणि प्रत्येकाचा निर्णय कागदावर लिहून ठेवा. ठोकळे कधी आधी, कधी नंतर मांडायला सांगा. रोज चित्रकला शेवटी आली तर मुलं दमलेली असतील.

शेवंती

सकाळचा पहिला तास चांगला, आहाराच्या आधीचा. पोळ्याच्या आणि गणपतीच्या आठवड्यात येऊ नका, निम्मी मुलं मामाकडे असतात. ठोकळे आमच्याकडे कमी आहेत, सगळ्या मुलांना पुरायचे नाहीत. सहा-सात मुलांचा गट करून बसवावं लागेल, बाकीच्यांना मदतनीस ताई अंगणात नेतील. आमच्याकडेच यायचं असेल तर कळवा, पर्यवेक्षिका मॅडमशी मी बोलून ठेवते.